बर्फखाना नोंदवही : बुगाला बेट, व्हिक्टोरिया सरोवर, युगांडा (ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३)

५ ऑक्टोबर, गुरुवार

एन्टेबेजवळच्या नाकिवोगोहून दुपारची फेरीबोट घेतली, साडेतीन तासांनी बेटावरचं लुटोबोका बंदर. सामानाचे दोन क्रेट मागे राहिले, पुढच्या फेरीने येतील. कामाचा आवाका असा: दिवसाला ३ टन फ्लेक बर्फ (पातळ पापुद्र्यांचा) करणारं यंत्र, त्याला ७५ किलोवॅटचे सौर पॅनेल, बर्फ साठवायची इन्सुलेटेड खोली आणि मासेमारीच्या धक्क्यावर दिव्यांचे खांब. सिव्हिल काम आधीच झालंय. माझ्याकडे रेफ्रिजरेशन, इलेक्ट्रिकल पॅनेल आणि सगळं चालू करून देणं.

डिझाइनचा कागद फेरीवर पुन्हा वाचला. समुद्रसपाटीपासून ११३४ मीटर, विषुववृत्ताच्या जरासं दक्षिणेला, तापमान वर्षभर जवळपास सारखं, मार्च ते मे आणि सप्टेंबर ते डिसेंबर असे दोन पावसाळे. वाऱ्याचा वेग आहे, विजा आहेत, भूकंपसुद्धा आहे. किड्यांबद्दल एक ओळ नाही. मी उमेदवारी केली रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या बर्फकारखान्यांत. तिथे यंत्राचा वैरी म्हणजे खारी हवा. इथलं पाणी गोडं, त्यामुळे तो प्रश्न नाही. खाऱ्या हवेच्या जागी इथे कोण बसलंय ते कळेलच.

९ ऑक्टोबर, सोमवार

युगांडाचा स्वातंत्र्यदिन, सुट्टी. मुकादमाने सकाळी चहाबरोबर माझा तासच घेतला. तो मला ‘सेबो’ म्हणतो, मीही त्याला ‘सेबो’च म्हणतो. इथे पुरुषाला आदराने हाक मारायची ती हीच. लहान पोरं मात्र थेट ‘मुयिंडी’ म्हणून ओरडतात. भारतीय माणूस दिसला की त्यांना गंमत वाटते.

त्याने सांगितलेलं कामाच्या नियमांत घेतोय. पहिली नैरोबी फ्लाय. नावात माशी असली तरी तो भुंग्यांच्या जातीतला लहान किडा, सात ते दहा मिलिमीटर लांब, काळा आणि नारिंगी. चावत नाही, डंख मारत नाही. पण अंगावर चिरडला तर त्याच्या रक्तातलं पेडेरिन कातडीला लागतं आणि एक-दोन दिवसांत भाजल्यासारखा फोड येतो. तोच हात डोळ्याला लागला तर डोळा सुजून बंद होतो. म्हणून मानेवर काही चाललं तर थप्पड मारायची नाही, फुंकर घालायची. चिरडला गेलाच तर लगेच साबणाने धुवायचं. याच कुळातले किडे भारतातही आहेत. २०२२ च्या पावसाळ्यात सिक्कीममध्ये इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना फोड आले होते ते यांच्यामुळेच. रात्री ट्यूबलाइटखाली कॉलर उघडी ठेवून वायरिंग करणाऱ्याला याचा धोका सर्वांत जास्त, म्हणजे आमच्याच लोकांना.

दुसरी मँगो फ्लाय. आंब्याशी हिचा संबंध नाही. ही माशी सावलीत वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर किंवा मातीत अंडी घालते. अळी कातडीत शिरते, वर गळू येतं. गळवाच्या तोंडावर व्हॅसलिनचा जाड थर दिला की अळीचा श्वास कोंडतो आणि ती वर येते, मग दाबून काढायची. त्यापेक्षा इस्त्री बरी. आमचे कपडे धुणाऱ्या बाई कोळशाच्या इस्त्रीने बनियन, मोजे, टॉवेल, सगळं कडक करून देतात. मी पहिल्या दिवशी अंतर्वस्त्रांना नको म्हटलं तर त्यांनी मान हलवली आणि तीही केली.

मलेरिया हा विषय कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा. प्रत्येक खाटेला औषध लावलेली मच्छरदाणी, ताप आला तर त्याच दिवशी तपासणी, ‘बघू उद्या’ चालणार नाही. फळ्यावर लिहिलं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

यंत्राला गॅस भरला, संध्याकाळी पहिला बर्फ पडला. बर्फ चांगला, कोरडा. रात्रभर चालू ठेवतोय.

सूर्यास्ताआधी सरोवरावर क्षितिजाजवळ धुराचे लोट उभे दिसले. बोट पेटली की काय असं वाटलं. स्टोअरकीपर हसला आणि म्हणाला, खिडक्या लावून घ्या.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

रात्रीपासून यंत्र पुन्हा पुन्हा ट्रिप होतंय. हेड प्रेशर (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब) एरवी १७ बार, पहाटे २४ च्या वर गेलं. कटआउट (दाब वाढला की यंत्र बंद करणारा स्विच) २५ ला लावलेला आहे, तो आपलं काम करतोय. गॅस जास्त झाला का, पंखा उलटा फिरतोय का, हे सगळं तपासून मग टॉर्च घेऊन कंडेन्सरसमोर, म्हणजे गॅसची उष्णता हवेत सोडणाऱ्या भागासमोर, गेलो. त्याच्या फिन्स, म्हणजे पातळ पट्ट्या, दिसतच नव्हत्या. करडा-हिरवट थर बसलेला. बोटाने खरवडला तर ओलसर लगदा हाताला आला, मासळीचा वास. पंखे रात्रभर हवा ओढत होते आणि हवेच्या जागी माश्याच येत होत्या.

या लेक फ्लाय. शनिवारी दिसलेले धुराचे लोट म्हणजे यांचेच थवे. दिसतात डासासारख्या, पण चावत नाहीत. यांत काओबोरस नावाच्या वंशातल्या आहेत आणि कायरोनोमिड कुळातल्याही. अळ्या सरोवराच्या तळाच्या गाळात वाढतात, मग एकदम कोट्यवधींनी वर येऊन पंख फुटतात. वारा बेटाकडे असला की सगळा थवा किनाऱ्यावर. मोठी माशी फार जगत नाही, जोडी जमवून अंडी घातली की संपली. पण ते सगळं उरकेपर्यंत तिला दिवा दिसला तर ती दिव्याकडे जाते, आणि आमच्या कंडेन्सरच्या बरोबर वर ४०० वॅटचा पांढरा फ्लडलाइट आहे.

यांचं बाहेर पडणं चंद्राला बांधलेलं असतं. अमावास्येच्या आसपास आणि त्यानंतरच्या चार-पाच दिवसांत जोर. पूर्व आफ्रिकेत मत्स्यसंशोधन करणाऱ्यांनी १९५० च्या दशकातच हे नोंदवून ठेवलंय. धक्क्यावरच्या माणसांना अर्थातच त्याआधीपासून माहीत. आईने एकादश्या चुकू नयेत म्हणून बॅगेत ‘कालनिर्णय’ टाकलं होतं, ते काढून बघितलं. १४ तारखेला सर्वपित्री अमावास्या. आता ते पॅनेलरूमच्या दाराला लावलंय. देखभालीचं वेळापत्रक त्यावरूनच करणार: अमावास्येच्या आदल्या दिवसापासून सहा दिवस कंडेन्सर सकाळ-संध्याकाळ धुवायचा.

धुण्याबद्दल: प्रेशर वॉशर वापरायचा नाही, फिन्स झोपतात. साध्या नळीने, आतून बाहेर, हवा जाते त्याच्या उलट दिशेने. दुपारपर्यंत प्रेशर परत १७ वर.

दुसरा बदल वेळेचा. दिवसभर सूर्य आहे, पॅनेल आहेत, मग रात्री कॉम्प्रेसर का चालवायचा? मूळ आराखड्यात रात्रीचं उत्पादन होतं कारण ३ टनांचा आकडा गाठायचा होता. बर्फाची खोली दोन दिवसांचा माल धरते. नाईल पर्च आणि तिलापियाच्या बोटी संध्याकाळी बर्फ घेऊन निघतात. म्हणजे बर्फ दिवसा करून दुपारी चारपर्यंत तयार असला की पुरे. ‘मुकेने’ नावाची मासळी पकडणाऱ्यांना बर्फ लागतच नाही. ती चांदीच्या रंगाची बोटभर मासळी, किनाऱ्यावर उन्हात सुकवून विकतात. त्यांच्या बोटी अंधाऱ्या रात्री दिवे लावून जातात, पौर्णिमेच्या आसपास घरी बसतात. आणि मुकेने खाते काय, तर याच माश्यांच्या अळ्या. सरोवरात सगळ्यांचंच कॅलेंडर एक आहे, फक्त आमच्या टेंडरचं वेगळं होतं.

२१ ऑक्टोबर, शनिवार

धक्क्याच्या समितीबरोबर दिव्यांची बैठक. करारात सहा पांढरे फ्लडलाइट आहेत आणि समितीला ते हवेच आहेत. जाळी आणि इंजिनं चोरीला जातात, म्हणून उजेड झगझगीत हवा. माझं म्हणणं, दिवे ठेवू पण अंबर रंगाचे, खाली झुकवलेले, आणि बर्फखान्याच्या भिंतीवर एकही नको. किड्यांना निळा आणि त्यापलीकडचा अतिनील प्रकाश ओढतो, पिवळा-नारिंगी फार कमी.

वाद तासभर चालला. निकाल लावला मासळी सुकवणाऱ्या एका बाईंनी. त्यांचं म्हणणं साधं होतं: पांढरा दिवा माझ्या सुकवायच्या जाळ्यांजवळ आहे, सकाळी मासळीवर माश्यांचा थर असतो, गिऱ्हाईक भाव पाडतं. चोर पिवळ्या उजेडातही दिसतो. ठरलं, अंबर.

समितीच्या अध्यक्षांनी एक पांढरा दिवा धक्क्याच्या टोकाला आमिष म्हणून ठेवायला सांगितला, माश्या तिकडे जातील म्हणून. मला हे पटलेलं नाही. आमिषाचा दिवा लांबच्या माश्याही बोलावून आणतो, जवळच्या कमी होतातच असं नाही. पण धक्का त्यांचा. लावला.

३० ऑक्टोबर, सोमवार

परवा कोजागिरी झाली, काल-आज लेक फ्लाय जवळपास नाहीत. निवांत वाटलं तर रात्री आठच्या सुमारास टोकाच्या पांढऱ्या दिव्याखाली पांढरट पंखांचा खच पडायला लागला. हे मेफ्लाय, पोव्हिला अडुस्टा. यांचा दिवस पौर्णिमेनंतरचा. पंख फुटल्यावर एक-दोन तासांचं आयुष्य, तेवढ्यात जोडी, अंडी, शेवट. कंडेन्सरला त्रास नाही, ते पाण्याजवळच राहतात.

त्रास दुसरीकडे आहे. यांची पिल्लं पाण्याखालच्या लाकडात बिळं करून राहतात. सकाळी धक्क्याचे लाकडी खांब पाण्याच्या पातळीखाली चाचपले. बोट जाईल अशी भोकं नाहीत, पण पेन्सिल जाईल अशी भरपूर. वरून खांब ठणठणीत. आमची केबल ट्रे याच खांबांवर बसवायची होती. थांबवली. केबल आता जमिनीवरून काँक्रीटच्या रॅम्पपर्यंतच, धक्क्यावरच्या दिव्यांना प्रत्येकी छोटा सौर पॅनेल आणि बॅटरी. खांबांबद्दल ग्राहकाला वेगळं पत्र फोटोंसकट पाठवलं.

२ नोव्हेंबर, गुरुवार

पंपहाऊस झाडीच्या कडेला आहे. तिथे काम करणाऱ्या दोघांनी तक्रार केली की दिवसाढवळ्या जाड माश्या शर्टावरूनच चावतात. त्सेत्से. आराम करताना पंख एकावर एक मिटून ठेवते, त्यावरून ओळखता येते. आमचे सगळे ताडपत्रे निळे आहेत, आणि त्सेत्सेला निळा रंग लांबून ओढतो. सरकारी सापळेसुद्धा निळ्या-काळ्या कापडाचेच असतात. पंपहाऊसवरचा ताडपत्रा काढून हिरवा टाकला, गडद निळे डांगरी कपडेही तिथे घालायचे नाहीत.

मुकादमाच्या आजोबांच्या घरची गोष्ट: बेट एकदा रिकामं करावं लागलं होतं. १९०० ते १९२० च्या दरम्यान सरोवराच्या युगांडाकडच्या काठावर निद्रारोगाची साथ होती, अडीच लाखांच्या आसपास माणसं गेली. रोग त्सेत्से पसरवते हे १९०३ मध्ये डेव्हिड ब्रूसच्या कामातून स्पष्ट झालं आणि ब्रिटिश सरकारने काठ आणि सेसे बेटांवरची वस्ती उठवली. बुगाला हे त्यातलंच सर्वांत मोठं बेट. मी ज्या रिकाम्या जमिनीवर पॅनेल लावतोय ती कशी रिकामी पडली असेल हा विचार मनात आला. पॅनेलचं काम ६० टक्के.

६ नोव्हेंबर, सोमवार

पहाटे चारला स्वयंपाकी ओरडला, ‘सियाफू!’ रात्रभर पाऊस होता, त्याने त्या बाहेर पडल्या. या मुंग्यांची वसाहत कोटीच्या घरात जाऊ शकते. मनगटाएवढी रुंद रांग स्वयंपाकघराच्या दारातून आत, मागच्या भिंतीवरून बाहेर. आम्ही मच्छरदाण्यांतून उठून चपला झटकून बाहेर. नव्या हेल्परने रॉकेल ओतायला घेतलं, मुकादमाने त्याच्या हातातून डबा काढून घेतला. रांग तोडली की मुंग्या घरभर पसरतात. दारापुढे, बॅटरीरूमच्या उंबऱ्याला राखेचा जाड पट्टा टाकला आणि अंगणात चहा केला.

साडेनऊला रांग संपली. आत एकही झुरळ नव्हतं. सरडा नव्हता, साखरेच्या डब्याखालच्या लहान मुंग्या नव्हत्या. स्वयंपाकी खूश. अर्धा दिवस गेला तरी वेळापत्रकात तो ‘हवामान’ या सदरात टाकलाय. दुसरं सदर नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार

लक्ष्मीपूजन. कंपालाच्या गुजराती दुकानातला चिवडा आणि शेव, बाकी फराळ फोनवर बघितला. कंपालात दिवाळी दणक्यात असते, इथे मी एकटाच. अमावास्या उद्या दुपारपर्यंत, म्हणजे लेक फ्लायचा जोर आजपासून. पणत्या व्हरांड्यात लावणं शक्य नाही. जाळीच्या खोलीत दोन लावल्या.

कोकणातही दिवाळीच्या पणत्यांवर भातावरचे हिरवे तुडतुडे येऊन पडतात. लहानपणी सकाळी पणतीतलं तेल त्यांनी भरलेलं असायचं आणि आजी म्हणायची, आता संपले. भात कापून झालेलं असायचं, ते तसेही संपणारच. इथे चार दिवसांनी संपतील.

कंडेन्सरपुढची जाळी कालच बसवली. कॉइलपासून ६० सेंटीमीटर पुढे चौकट, कॉइलच्या चौपट क्षेत्रफळ, मच्छरदाणीची नायलॉन जाळी. क्षेत्रफळ वाढवलं की जाळीवर हवेचा वेग उतरतो, माशी चिकटून न बसता खाली पडते. जाळी कॉइललाच टेकवली असती तर हवा बंद झाली असती. परीक्षा या आठवड्यात.

१८ नोव्हेंबर, शनिवार

केबल ग्लँड (पॅनेलमध्ये केबल शिरते तिथले बूच) आणि अंबर दिव्यांचे फिटिंग आणायला लुकू-बुकाकाटा फेरीने मसाकाला. मुक्काम पडला, आणि तो वसूल झाला. नोव्हेंबर हा न्सेनेनेचा हंगाम, लुगांडा भाषेत या महिन्याचं नावच त्यावरून आहे. न्सेनेने म्हणजे लांब मिशांचे नाकतोडे, रुस्पोलिया डिफरेन्स, हिरवे आणि तपकिरी. पावसाबरोबर थव्याने येतात.

गावाबाहेरच्या टेकडीवर नवे, गुळगुळीत पत्रे तिरके उभे केलेले, प्रत्येकाच्या पायथ्याशी पिंप. वर ४०० वॅटचे दिवे इतके प्रखर की पकडणारी पोरं डोळ्यांवर काळे चष्मे लावून फिरत होती. खाली ओल्या गवताचा धूर. नाकतोडा दिव्याकडे झेपावतो, धुराने गांगरतो, पत्र्यावर आदळतो, पाय टिकत नाहीत, घसरत पिंपात. पहाटे पोती भरून बाजारात. पाय आणि पंख तोडून देणाऱ्या बायकांची ओळ बसलेली असते, हातांची गती बघण्यासारखी. तव्यावर तेल घालावं लागत नाही. सुक्या वजनात ४० टक्क्यांहून जास्त स्निग्धांश, स्वतःच्याच तेलात परततात, कांदा आणि मीठ. खाल्ले. कुरकुरीत, शेंगदाण्याकडे झुकणारी चव. वाटीभर खाल्ल्यावर तूपकट वाटायला लागतं. व्यापाऱ्यांची तक्रार, यंदा माल कमी, आणि ही तक्रार ते दर वर्षी करतात असं ड्रायव्हर म्हणाला.

मुकादम बरोबर होता, त्याने हात लावला नाही. त्याचं कूळ न्सेनेने. बुगांडात, म्हणजे इथल्या जुन्या राज्यात, प्रत्येक कुळाचं एक देवक असतं आणि ते खायचं नसतं. आपल्याकडे देवकाचं झाड तोडत नाहीत त्यातलंच. मात्र पकडणाऱ्यांना पत्र्याचा कोन बरोबर नाही हे त्याने तासभर समजावून सांगितलं.

धक्क्यावरून काढलेले पांढरे फ्लडलाइट आमच्याकडे पडून आहेत. एका पकडणाऱ्याला विचारलं, घेतोस का? त्याने फोटो बघून नाक मुरडलं. एलईडीने काय होणार, मर्क्युरीचा दिवा असेल तर बोला. बरोबर आहे त्याचं, साध्या पांढऱ्या एलईडीत अतिनील प्रकाश जवळपास नसतो. मग आमच्या कंडेन्सरवरच्या दिव्याने इतक्या माश्या का आणल्या, तर तो दिवा एलईडी नव्हताच. तो सिव्हिलवाल्यांनी तात्पुरता लावलेला मेटल हॅलाइड होता, त्यातून अतिनीलही निघतो. हा मुद्दा अहवालात घालायचा: तात्पुरते दिवेसुद्धा तपशिलात लिहून द्यावेत.

४ डिसेंबर, सोमवार

किरकोळ. कुंभारमाशीने इव्हॅपोरेटरच्या (यंत्राच्या थंड होणाऱ्या भागाच्या) पाणी निघायच्या पाइपात मातीचं घर केलं, खोलीत पाणी तुंबलं. पाइपाच्या तोंडाला जाळीची टोपी. किरकोळ म्हणतोय, पण १९९६ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकमधून निघालेलं बर्जेनएअरचं विमान पडलं आणि १८९ माणसं गेली. वेगमापकाच्या पिटॉट नळीत याच प्रकारच्या माशीने घर केलं असावं असा तपासाचा संशय होता. उघडी नळी दिसली की टोपी घालायची, मग ती कशाचीही असो.

कॉन्टॅक्टरच्या (मोटार चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचच्या) टोकांत मुंग्या चिरडून कार्बन धरत होता. पॅनेलचे सगळे ग्लँड सिलिकॉनने बंद. पॅनेलच्या आत पाल राहते ती किड्यांसाठी. किडे थांबले की तीही जाईल.

१५ डिसेंबर, शुक्रवार

१२ ला अमावास्या झाली. कालपर्यंतचं सर्वाधिक हेड प्रेशर १९ बार, ट्रिप नाही. वारा दोन संध्याकाळी थेट बेटाकडे होता, म्हणजे परीक्षा सोपी नव्हती. जाळीखाली ट्रे ठेवलाय, सकाळी तो भरलेला असतो. मासळी सुकवणाऱ्या बाई तो कोंबड्यांसाठी घेऊन जातात आणि जाळीही झटकून देतात. हे काम आता करारात लिहायचं का हा प्रश्न आहे. मी म्हणतो लिहावं, त्यांना महिन्याचे पैसे द्यावेत. मुकादम म्हणतो लिहिलं तर दुसरा कोणी दावा करेल.

धक्क्याच्या टोकाचा आमिषाचा दिवा समितीने स्वतःच बंद केला. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

१९ डिसेंबर, मंगळवार

हस्तांतरण. देखभाल पुस्तिकेत ‘साइटची परिस्थिती’ या भागात तापमान आणि वाऱ्यानंतर नवीन तक्ता: अमावास्या, पौर्णिमा, पावसाळे, आणि त्या-त्या वेळी कोण येतं. ‘कालनिर्णय’ पॅनेलरूममध्येच ठेवलं, २०२४ चं मागवलंय, इथल्या ऑपरेटरला अमावास्येचा काळा गोळा ओळखता येतो.

बाकी राहिलेलं: धक्क्याच्या खांबांवर ग्राहकाचं उत्तर आलेलं नाही. जाळीचा दुसरा संच कंपालाहून यायचा आहे. पुढची अमावास्या ११ जानेवारीला, संच ८ च्या फेरीने आला पाहिजे.